गळा राखणारे सर

सरांना फोन लावला की पलीकडून आधी कुणी बोलायचं नाही. आधी मिटल्या ओठांचा एक लांबलचक 'म्म्म' यायचा. तो हळूहळू वर चढायचा, तसाच सावकाश खाली उतरायचा आणि मग सर म्हणायचे, "हां, बोला." नव्या माणसाला वाटायचं, फोन बिघडला. पेन्शनच्या कामासाठी फोन करणाऱ्या एका माणसाने म्हणे दर वेळी 'म्म्म' ऐकून फोन ठेवून दिला आणि शेवटी शेजाऱ्यांकडे निरोप पाठवला, की ते मास्तर बरेच आजारी दिसतात, नुसते कण्हत असतात, कुणीतरी दवाखान्यात न्या. शेजारी धावत आले. सर ओट्यावर बसून तिखटमीठ लावलेली कैरी खात होते.

"निजलेला बैल उठवून कुनी एकदम गाडीला जुंपतं का?" सरांनी त्यांनाच विचारलं. "मंग गळ्यानं काय पाप केलं?"

शेजारी समजूत पटल्यासारखं करून निघून गेले. आम्ही शिष्यमंडळी मात्र त्या कैरीवरून हैराण असायचो. गाणाऱ्याने आंबट खाऊ नये, दही खाऊ नये, थंड पिऊ नये, तळलेल्याकडे बघूही नये, हे आम्ही लहानपणापासून पाठ केलेलं. सर सगळं खायचे. ज्याच्या पोटाला जे झोंबतं ते त्याच्या गळ्याला झोंबतं, ज्याचं त्यानं बघावं, एवढंच त्यांचं म्हणणं. पण जेवल्याबरोबर आडवं व्हायचं नाही आणि जागरण तर मुळीच नाही. "आवाज गळ्यात नसतो, झोपंत असतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. नमस्कार केला तरी उत्तर म्हणून "झोप झाली का?" असा प्रश्न यायचा. आपण "हं" म्हटलं की त्या एवढ्याशा 'हं'वरून त्यांना काय ते कळायचं. "नाय झाली," ते म्हणायचे. "जा घरी. उंद्या या." भल्या पहाटे स्कूटर काढून आलेल्या माणसाला असं आल्या पावली परत पाठवणारा मास्तर मी दुसरा पाहिला नाही.

सर एका शाळेतून संगीताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. अंगाने काटक, उन्हात रापलेले, अंगात पांढरा सदरा-लेंगा आणि पायात जाडजूड वहाणा. घर हर्सूलच्या बाजूला. क्लास मात्र गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याशी, उजाडताना, उघड्यावर. घराच्या भिंती लबाड असतात, त्या कुणाच्याही आवाजाला शाबासकी देतात, असं त्यांचं मत होतं. उघड्यावर जेवढं आहे तेवढंच ऐकू येतं. बरोबर गरम पाण्याचा मोठा थर्मास आणि स्टीलचे पेले. जो उगाच खाकरेल त्याला त्या दिवशी पाणी मिळायचं नाही. खाकरणं म्हणजे सरांच्या लेखी स्वतःच्या गळ्याला स्वतः थोबाडीत मारणं. खाकरावंसं वाटलं तर आवंढा गिळा, घोट घ्या, पण खाकरू नका.

गोंगाटात तर ते तोंडच उघडायचे नाहीत. आमच्यात एक रिक्षावाले भाई होते. शहागंजात राहायचे, उरुसात कव्वाली गायचे आणि दिवसभर हॉर्नच्या गर्दीत गिऱ्हाइकांशी ओरडून ओरडून त्यांच्या आवाजाचा चोथा झाला होता. एकदा त्यांनी सरांना प्रेमाने रिक्षात बसवलं आणि "किधर छोडू?" विचारलं. तेवढ्यात क्रांती चौकातला सिग्नल सुटला. सरांनी हाताने काहीतरी खूण केली, भाईंनी तिचा आपल्या सोयीने अर्थ लावला, आणि रिक्षा थेट शहागंजात भाईंच्या घरासमोर जाऊन थांबली. सर खाली उतरले, एका गल्लीत जाऊन शांतपणे 'म्म्म' केलं आणि परत येऊन म्हणाले, "मला जालना रोडला जायाचं व्हतं." भाईंनी कपाळाला हात लावला. "सर, बोलनेका ना मेरेकू." सर म्हणाले, "तिथं बोललो आस्तो तर संध्याकाळपतूर घसा धरला आस्ता. इथं चहा तरी भेटंल."

आता या माणसाकडे मी कशी गेले ते सांगते.

माझा आवाज गेला होता. मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझा वर्ग रस्त्याच्या बाजूला, वर घरघरणारा पंखा आणि समोर पन्नासेक चिमण्या. दिवसभर त्यांच्या वरताण ओरडायचं आणि संध्याकाळी कॉलनीच्या भजनी मंडळात वरच्या पट्टीत टिपेला जाऊन गायचं, असं माझं वर्षानुवर्षं चाललं होतं. मी आमच्या मंडळाची हुकमी गायिका. एका कार्यक्रमात ऐन रंगात आले आणि तोंडातून नुसती हवा निघाली. बायका टाळ वाजवत राहिल्या, मला वाटलं आता येईल, मग येईल. आवाज आलाच नाही. डॉक्टरांनी नळीचा कॅमेरा घालून पाहिलं आणि म्हणाले, स्वरतंतूंवर गाठी आल्यात. घाबरण्यासारख्या नाहीत, चावऱ्या चपलेने पायाला घट्टा पडावा तशा. बोलणं कमी करा, आवाजाचे व्यायाम करा, काही महिन्यांनी बघू. नाहीच विरघळल्या तर मग ऑपरेशन.

डॉक्टर सहज बोलून गेले, पण मी घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. कारण हा आवाज एकट्या माझा नव्हता, आईचाही होता. आई कन्नडला राहते. मी लहान असताना तिने मला एक गवळण शिकवली होती, आणि घरी पाहुणा आला की चहाच्या आधी माझं गाणं व्हायचं. लोकांच्या घरात पाटल्या-बांगड्या असतात, आमच्याकडे माझा आवाज होता. दर रविवारी आईचा फोन यायचा. पूर्वी ती आधी जावयाची चौकशी करायची. आता पहिलाच प्रश्न, "आला का गं आवाज?" जणू तो कुठंतरी गावाला गेलाय आणि संध्याकाळच्या एसटीने परतायचाय. मलाही तो तसाच परत हवा होता. होता तसा, तिने कौतुक केलेला, टिपेचा.

या दिवसांत ज्याने त्याने मला औषध सांगितलं. ज्येष्ठमधाची काडी, खडीसाखर आणि मिरे, हळदीचं दूध, भाजलेली लवंग, पेरूची पानं उकळून. मी सगळं केलं. तोंडाची चव गेली, आवाज काही आला नाही. मग मंडळातल्या एका बाईने सरांचं नाव सांगितलं, आणि वर म्हणाली, "जरा चक्रम आहेत, तेवढं सांभाळा."

मी गेले आणि आवाज वाचवायचा म्हणून अगदी कुजबुजत म्हणाले, "सर, मला माझा आवाज परत हवाय."

सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कुजबुजू नका, बाई. कुजबूज म्हंजी गळ्याला चिमटं. हळू बोला, पन बोला." मग माझ्या गुरूंचं नाव विचारतील, परीक्षा विचारतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "झोप कशी हाय?"

मी सांगितलं, बरी नाही. ते म्हणाले, पाणी किती पिता? मी सांगितलं, शाळेत बाथरूमची सोय नीट नाही म्हणून कमीच. पोरांना गप्प कसं करता? ओरडून. रागावल्यावर? अजून ओरडून. सर ऐकत होते, आणि मला आपलं एखाद्या गुन्ह्याची कबुली चालल्यासारखं वाटत होतं.

"मी सांगंन तवर गानं म्हनायचं नाय," सर म्हणाले.

"किती दिवस, सर?"

"मेंढी कवा व्यायील हे तिला इचारून सांगता येतं का, बाई? दिवस भरले की व्यती."

आणि मग त्यांनी मला जे करायला लावलं त्याला मी गाण्याचा अभ्यास म्हणायला मुळीच तयार नव्हते. ओठ सैल सोडायचे आणि 'ब्र्र्र' करत फुरफुरवायचे. लहान मुलं तोंडाने मोटार चालवतात तसं. त्या फुरफुरीवरच आवाज हळूच खालून वर न्यायचा, वरून खाली आणायचा. मग जीभ टाळूला लावून 'र्र्र'. मग मोठी जांभई. मग ओठ मिटून 'म्म्म', छातीवर आपलाच हात ठेवून, तिथं थरथर लागते का बघत. मी गायनाच्या दोन परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली बाई. सकाळी टेकडीवर फिरायला येणारी माणसं थांबून बघायची आणि आपसांत हसायची. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. रिक्षावाले भाई माझ्या शेजारी उभे राहून मनापासून फुरफुरायचे. म्हणाले, "शरमाव नको मैडम. पैले मय भी शरमारा था. अब पूरे ओठां हलके हो गये."

हे 'ब्र्र्र' कुठून आलं ते मला एका हिवाळ्यातल्या सकाळी कळलं. आम्ही सगळे ओळीने उभे राहून फुरफुरत होतो आणि टेकडीच्या कडेने एक मेंढ्यांचा कळप चालला होता. पुढे लाल पागोट्याचा मेंढका, मागे कुत्रा. आमचं 'ब्र्र्र' ऐकलं आणि पुढच्या मेंढ्या थबकल्या. त्यांनी माना वळवल्या. मग सगळा कळपच वाट सोडून आमच्याकडे चालू लागला. आम्ही घाबरून आणखी जोरात फुरफुरलो, तशा मेंढ्या आणखी लगबगीने आल्या. एक माझ्या ओढणीला तोंड लावायला लागली.

"ओ मास्तर," मेंढका काठी आपटत आला, "ही काय थट्टा लावलीय? पान्यावर बलवायची हाक देताय, आन् पानी कुठंय इथं? सकाळच्या पारी मुक्या जनावराला फसवता व्हय?"

आम्ही सरांकडे पाहिलं. सर आमच्या मागे उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं हसू होतं. त्यांनी तोंडाशी हात नेला आणि एक हाक दिली. बारीक, दोन सुरांची, दुसरा सूर लांब धरलेला. मोठी नव्हती, पण टेकडीच्या पार पलीकडे गेली असावी. मेंढ्या वळल्या आणि गुमान वाटेला लागल्या. मेंढका सरांकडे बघतच राहिला.

"कोन्च्या गावचं, पाव्हनं?" त्याने विचारलं.

पुढच्या अर्ध्या तासात आम्ही कुणी नव्हतोच. सर आणि तो मेंढका एका दगडावर बसले, थर्मासमधलं गरम पाणी प्याले, आणि मेव्हण्याच्या चुलत्याकडून कुठंतरी नातं लागतं इथपर्यंत पोचले. त्या दिवशी सर खुशीत होते, म्हणून बोलले. खुलताबादच्या पलीकडचं गाव. घरात मेंढरं. शाळेत घालेपर्यंत सर आज्याच्या मागे वेरूळच्या डोंगरावर हिंडले. "लेनी बघाया लोक कुठून कुठून येतात," ते म्हणाले, "आमाला तवा तिथं निस्ती सावली दिसायची." आज्या पहाटे उठला की आधी ओठ मिटून गुणगुणायचा, मग मेंढरांशी फुरफुरत बोलायचा, आणि ऊन वर आल्यावरच लांब हाक द्यायचा. थंडीत उठल्याबरोबर हाक देणाऱ्याचा आवाज दुपारपर्यंत बसतो. आणि आवाज बसला की दरीपलीकडच्या मेंढराला हाक पोचत नाही, आणि ते लांडग्याला सापडतं. "आमच्यात आवाज हौसंचा नव्हता, बाई," सर म्हणाले. "आवाज गेला तर मेंढरू जायाचं. म्हून राखायचा."

पुढे हॉस्टेलात राहून सर शिकले, संगीताची पदवी घेतली, मोठमोठ्या गवयांच्या मागे तंबोऱ्याला बसले. तिथेही त्यांना गळा तापवायला लोक जे काही करायचे ते बघून आज्याच आठवायचा. त्यांनी दोन्ही एकत्र केलं. त्यांच्या शाळेत म्हणे काही सहकारी त्यांना माघारी मेंढके सर म्हणायचे. सरांना ते ठाऊक होतं. "खरंच हाय की," म्हणायचे.

त्या दिवसापासून मी लाजणं सोडलं. इतकं, की 'ब्र्र्र' मी वर्गात नेलं. सरांनी बजावलं होतं, पोरांवर ओरडायचं नाही, बोलवायचं. "मेंढरू दरडावल्यानं फुडं जात नाय, बावरतं. लेकराचं तेच, गळ्याचं बी तेच." मग गोंगाट झाला की मी टेबलापाशी उभी राहून नुसतं 'ब्र्र्र' करायची. पहिल्यांदा पोरं थक्क होऊन गप्प झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनीही 'ब्र्र्र' केलं आणि मग गप्प झाली. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. आठवड्याभरात शेजारचा वर्ग करायला लागला, मग परिपाठाला सगळं मैदान. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेने, मला केबिनमध्ये बोलावलं.

"उद्या कुणी साहेब तपासणीला आले तर काय सांगायचं?" त्यांनी विचारलं. बोलताना त्यांचाच आवाज घोगरा येत होता. मी सगळी हकिगत सांगितली. मग उठून त्यांनी केबिनचं दार लावलं.

"खरंच मोकळं वाटतं का हो त्याने?" त्या म्हणाल्या. "कसं करायचं, ओठ सैल सोडायचे का?"

सर मला बराच काळ 'बाई' आणि 'तुम्ही' म्हणत होते. इतरांना सर्रास अरे-तुरे. मला वाटायचं, मी शिक्षिका म्हणून मान देतात. एकदा मी उशीर झाला म्हणून धावतपळत पोचले, पण न विचारता आधी पेलाभर पाणी प्याले, दगडावर बसले, गळ्याला दम खाऊ दिला आणि मगच 'म्म्म' सुरू केलं. सर लांबून बघत होते. जाताना म्हणाले, "उंद्या लवकर ये गं." गाडी चालवताना मी आख्ख्या रस्त्याने हसत होते. पदवी मिळाली तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी परत कॅमेरा घातला. गाठी विरघळल्या होत्या. ऑपरेशनची गरज नाही म्हणाले, ज्यांच्याकडे जाताय त्यांच्याकडेच जात राहा. मी तिथूनच सरांना फोन लावला. 'म्म्म' संपेपर्यंत माझा जीव राहीना. सगळं ऐकून सर एवढंच म्हणाले, "मंग उंद्या गाऊ."

रात्रभर मला झोप नाही. सकाळी मी "हं" म्हटलं आणि सरांनी मला परत पाठवलं. गाणं परवावर गेलं.

त्या परवाच्या सकाळी मी टेकडीवर पेटी नेली, मंडळात गायची तीच पट्टी लावली, काळी पाच, आणि आईची गवळण सुरू केली. पहिली ओळ आली. दुसऱ्या ओळीला मान ताणली गेली, भुवया वर गेल्या आणि गळा तारेने आवळावा तसा आवळला. सरांनी हात वर केला.

"ही पट्टी कुनाची?"

"आमच्या मंडळाची."

"मंडळात कुनाची?"

मी विचार केला. आमच्या पेटीवाल्या काकूंना तेवढी एकच पट्टी सफाईने वाजवता येते. म्हणून सगळं मंडळ तिथूनच गातं. त्याआधी लहानपणी आईची पट्टी, कारण गवळण आईने शिकवलेली. माझी स्वतःची पट्टी कुठली हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

सरांनी मला जांभई द्यायला लावली. ती संपता संपता "हं" म्हणायला लावलं. पुन्हा, पुन्हा. आणि एकेक सूर दाबत त्यांनी पट्टी खाली, आणखी खाली आणली. पांढऱ्या तीनवर थांबले. "इथून म्हन."

मी म्हटलं. छाती भरून एक जाडसर, शांत आवाज निघाला. कुठेच ओढ लागली नाही. आणि मला तो अजिबात आवडला नाही.

"सर, हा माझा आवाजच नाही."

"मंग कुनाचा? माझ्या तोंडातून आला का?"

मला रडू फुटलं. मी म्हटलं, इतके महिने मी तुमचं सगळं ऐकलं, माणसांसमोर मेंढरासारखी फुरफुरले, ते माझा आवाज परत मिळावा म्हणून. हा असला आवाज घेऊन मी आईसमोर कशी जाऊ? ती दर रविवारी वाट बघते. सर माझ्याजवळ दगडावर बसले. त्यांनी पेला भरून माझ्या हातात दिला.

"हरवलेलं मेंढरू कवा कवा परत येतं," ते म्हणाले. "नाय असं नाय. पन त्याच्याच वाटंला डोळं लावून बसलं तर दावनीला हायेत ती उपाशी ऱ्हात्यात. ह्याला चारा घाल थोडा. बघ काय करतंय."

मी रागावून दोनचार दिवस गेलेच नाही. मग गेले. दुसरं करणार काय? पांढऱ्या तीनवर रोज गायला लागले, आधी तोंड वाकडं करून, मग सवयीने. आणि हळूहळू असं झालं, की गाताना मला गळ्याची आठवणच राहीना. पूर्वी प्रत्येक वरच्या सुरापाशी माझं मन दारात उभं असायचं, आता चुकतंय की काय म्हणून. आता मी शब्दांकडे बघायला लागले. राधा काय म्हणते, का म्हणते, तेही ऐकू यायला लागलं. एका सकाळी मी गाऊन थांबले आणि भाई म्हणाले, "अब गारे आप मैडम. पैले तो चिल्लारे थे." रिक्षावाल्याकडून एवढी स्वच्छ समीक्षा मी अपेक्षिली नव्हती. पण खरी होती.

भाईंनी ते गाणं मोबाइलवर रेकॉर्डही केलं होतं. मला पाठवलं. मी ते दिवसभर जवळ ठेवलं आणि संध्याकाळी मन घट्ट करून, काही न लिहिता आईला पाठवून दिलं. लगेच फोन आला.

"कोन गं ही बाई?" आई म्हणाली. "आपली गवळन म्हनतीय. लई शांत म्हनती, ऐकत ऱ्हावं वाटतं. तुझ्या त्या सरांकडं येती का?"

"हो," मी म्हटलं, "येते."

"चांगली हाय. सांग तिला." मग जरा थांबून, "आन् तुझा? आला का गं?"

"नाही अजून," मी म्हटलं आणि काहीतरी निमित्त करून फोन ठेवला.

सकाळी सरांना हे सांगताना मी हसत सांगायचं ठरवलं होतं. ते जमलं नाही. ज्या आईने मला गायला शिकवलं तिने मला ओळखलं नाही, याच्याइतकं वाईट मला आवाज गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. थर्मासचं झाकण लावलं. त्यांना यात रडण्यासारखं काय आहे तेच कळलेलं दिसत नव्हतं.

"मंग वळख करून दे की," ते म्हणाले.

सर आता इथे नसतात. भावाकडे गावी राहायला गेलेत आणि तिकडे रेंज अशी, की 'म्म्म' पुरा व्हायच्या आत फोन कटतो. भाई आणि मी मिळून टेकडीवरचा क्लास चालवतो. नव्या माणसांना मी झोपेचं विचारते आणि त्या गोंधळून बघणाऱ्या चेहऱ्यांकडे पाहून मला सरांची फार आठवण येते. पण ते नंतरचं. तेव्हा मी सरांचं ऐकलं आणि रविवारी सकाळची कन्नडची एसटी धरली.

गाडी वेरूळच्या अलीकडच्या घाटाला लागली तसं मी खिडकीकडे तोंड करून 'म्म्म' सुरू केलं. शेजारच्या आजीबाईंनी थोडा वेळ सहन केलं. मग कमरेच्या पिशवीतून ओवा काढून माझ्यापुढे धरला. "पोटात दुखतंय का, बाई?" मी तो खाल्ला. नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं.

आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मला अचानक बघून तिने इतकंच म्हटलं, "ये, बस. कळवायचं तर व्हतंस." मी हातपाय धुतले, तांब्यातलं घोटभर पाणी प्याले आणि तिच्याशेजारी पाटावर बसले. पेटी नव्हती, काही नव्हतं. मी डोळे मिटले आणि गवळण सुरू केली.

पहिल्या ओळीला थापण्याचा आवाज चालूच होता. मी फोनवर तेच रेकॉर्डिंग लावलंय असं तिला वाटलं असणार. दुसऱ्या ओळीला तो थांबला. मला डोळे उघडायचं धाडस होईना. उघडले तेव्हा आई माझ्या तोंडाकडे बघत होती, पिठाचा हात तसाच अधांतरी, आणि ओठ माझ्याबरोबर आवाज न करता हलत होते. तव्यावरून धूर निघायला लागला.

"आई, भाकर," मी गाणं तोडून म्हटलं.

"करपू दे," ती म्हणाली. "तू फुडचं म्हन."